बांज आणि कुंजा

‘ओक’ हा शब्द कानावर पडला की आपल्या मराठी माणसाला प्रथम आडनाव आठवते, झाड नव्हे. आमच्या बडोद्यात वड, पिंपळ, कडुनिंब, रायण सारे काही आहे. ओक मात्र कोणाच्या अंगणात पाहिल्याचे स्मरत नाही. जाड बुंध्याचा ओक आणि घराच्या कमानीवर चढलेला गुलाबाचा वेल ही जोडी आम्ही शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांतील चित्रांतच काय ती पाहिली होती. दोन्ही साहेबाच्या देशातली, आपला त्यांच्याशी संबंध काय, अशी माझी पक्की समजूत होती. ती गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कुमाऊंच्या डोंगरात दूर झाली.

निमित्त झाले ताईच्या पत्राचे. फोनवर ती बाजारभाव आणि प्रकृतिमान सांगते; मनातले मात्र अजून पत्रातच लिहिते. भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोघांनी नैनीतालच्या पलीकडे रामगढला लहानसे घर घेतले, त्यालाही आता अठरा वर्षे झाली. ताईने लिहिले होते, “वरच्या टप्प्यावर एकच जागा उरली आहे. ह्यांना तिथे ओक लावायचा आहे, मला गुलाबाचा वेल. दोघांचे मिळून वय दीडशेला एक कमी, आणि आम्ही झाडावरून अबोला धरून बसलो आहोत. तू ये आणि निवाडा कर.”

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि पहाटे काठगोदामला उतरले. रेल्वे येथे संपते आणि डोंगर सुरू होतो. काठगोदाम म्हणजे लाकडाची वखार. पहाडातून आलेले लाकूड येथे साठवीत आणि पुढे मैदानात पाठवीत. त्यावरूनच गावाला हे नाव पडले. ज्या झाडाच्या वादासाठी मी चालले होते, त्या प्रदेशाच्या उंबरठ्यावरच लाकडाच्या वखारीचे नाव वाचावे, ह्याची मला त्या पहाटे मोठी गंमत वाटली.

भवालीपर्यंतचा रस्ता चीडच्या झाडांतून जातो. चीड म्हणजे तिकडचा पाइन. सरळसोट खोडे, त्यांवर राळ काढण्यासाठी पाडलेल्या खाचा, आणि खाली वाळलेल्या सुयांसारख्या पानांचा तांबूस, निसरडा थर. त्या थरातून गवताचे पाते क्वचितच वर आलेले दिसते. भवाली सोडून गागरच्या खिंडीकडे चढू लागलो तशी हवा एकदम बदलली. अंगावर गारवा आला, रस्त्याच्या कडेचे दगड शेवाळलेले दिसू लागले आणि खोडांचा सरळपणा जाऊन त्यांना वाक, गाठी आणि फाटे आले. वारा सुटला की सारे झाड क्षणात हिरव्याचे रुपेरी होई, कारण पानांची वरची बाजू गडद हिरवी आणि खालची पांढुरकी, मखमलीसारखी होती. मी गाडीवानाला विचारले, “हे कुठले झाड?” तो म्हणाला, “बांज.”

माझ्या मराठी कानाला तो शब्द टोचला. ‘वांझ’च ऐकू आला. पण मी काही बोलले नाही.

घरी पोचल्यावर भाऊजींनी चहाच्या आधी मला वरच्या टप्प्यावर नेले. पहाडातली जमीन पायऱ्यापायऱ्यांची; दगडी बांध घालून प्रत्येक टप्पा धरलेला असतो. सर्वांत वरचा टप्पा असेल जेमतेम आठ पावले रुंद. त्याच्या मागे उघडा उतार आणि उताराच्या पायथ्याशी गावचा नौला. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेले दगडी कुंड. आत उतरायला पायऱ्या आणि वर देवळासारखे छत. त्याचे पाणी गावात देवाचे मानतात. त्या दिवशी त्याच्या तळाशी वीतभर पाणी होते.

“आम्ही आलो तेव्हा मे महिन्यातसुद्धा दुसरी पायरी बुडलेली असे,” भाऊजी म्हणाले. “हा उतार पूर्वी बांजाचा होता. आता बघ, एक झाड नाही. मी इथे पाच रोपे लावणार. तुझ्या ताईला सांग.”

मी म्हटले, “भाऊजी, पण ही झाडे मोठी व्हायला किती वर्षे लागतात?”

“माझ्या हयातीत होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे,” ते म्हणाले आणि बांधावरचा एक सुटलेला दगड पुन्हा बसवू लागले.

ताईची बाजू मला संध्याकाळी कळली. दिवे लागण्याच्या वेळी ती मला घराखालच्या वाटेवर घेऊन गेली. वाटेच्या वळणावर एका जुन्या बांजावर पांढऱ्या फुलांचा लोट वरून खाली सांडलेला होता. प्रत्येक फूल साधे, पाच पाकळ्यांचे, मध्ये पिवळे केसर. पण एकेका घोसात कितीतरी फुले. वास गोड आणि किंचित लवंगेसारखा, आणि तो झाडाजवळ कमी, दहा पावलांवर अधिक. हा कुंजा, हिमालयातला रानगुलाब. निघंटूंत ज्याला कुब्जक म्हटले आहे त्याच्याशी ह्याचे नाते जोडतात. शास्त्रीय नावात मात्र रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव अडकले आहे. एकोणिसाव्या शतकात तो विलायतेला गेला आणि तिकडच्या बागांत मोठमोठ्या झाडांवर चढला. म्हणजे माझ्या शाळेच्या पुस्तकातील जोडीचे एक भावंड आपल्याच डोंगरातले निघाले.

ताईने डोळे मिटून श्वास घेतला. तिला काचबिंदू आहे. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही, आणि जे दिसते तेही वर्षागणिक आकसत चालले आहे. “झाड मला आणखी किती दिवस दिसणार?” ती म्हणाली. “वास मात्र शेवटपर्यंत येईल. वरच्या टप्प्यावर वेल लावला की माझ्या खिडकीत वास येतो. वारा तिकडूनच वाहतो. मी सगळा विचार केलेला आहे.”

दोघांचेही खरे होते. मग मी निवाडा करण्याचा नाद सोडून दोन्ही झाडांची माहिती करून घेऊ लागले. आठ दिवसांत जे पाहिले आणि जाणत्यांकडून शिकले ते बागेची हौस असणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून येथे लिहिते.

गुलाबाला वेल म्हणणे हे खरे तर आपले सौजन्य आहे. दोडक्याच्या वेलासारखे त्याला तणावे नाहीत, गारवेलीसारखा तो कशाभोवती वेटोळे घालीत नाही. त्याच्यापाशी आहेत ते मागे वळलेले आकडेदार काटे. लांब फांदी शेजारच्या झाडात शिरते, काटे अडकतात आणि फांदी पुढे सरकते. बागेत त्याला भिंतीशी किंवा मांडवाशी आपणच बांधावे लागते. रोप भिंतीला चिकटून न लावता हात-दीड हात दूर, भिंतीकडे किंचित कलते लावावे. भिंतीच्या अगदी कडेची माती फार कोरडी असते. उभी वाढू दिलेली फांदी शेंड्याला तेवढी फुलते. तीच आडवी वाकवून बांधली तर डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि सबंध फांदी भरून जाते. कुंजा गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो, म्हणून त्याची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करायची. आपण बडोद्याला दसऱ्यानंतर गुलाब छाटतो, तो हिशेब येथे लावला तर पुढच्या बहराची फुले आपल्याच कात्रीने गेली असे समजावे. बहर वर्षातून एकदाच. पण दोन-तीन वर्षांत तो येऊ लागतो, आणि लावणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

बांजाचे सारेच उलटे. त्याची अंडाकृती फळे खाली पडली की वानर, अस्वले आणि जंगलातले नीलकंठी रंगाचे पक्षी त्यांवर तुटून पडतात. पक्षी काही फळे पुढच्या दिवसांसाठी मातीत पुरून ठेवतात आणि विसरतात. त्यांतून रोपे उगवतात. हे बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही, वाळले की मेले. पडल्यावर लवकर पेरावे लागते. उगवल्यावर पहिली काही वर्षे वर वाढ दिसत नाही. झाड आधी मूळ खोल पाठवते. अधीर माणूस ‘हे काही वाढत नाही’ म्हणून उपटून टाकतो, तो ह्याच दिवसांत. घरापासून ते दूरच लावावे, कारण पुढे त्याला ऐसपैस जागा लागते. ते कधी उघडे पडत नाही. वसंतात जुनी पाने गळत असतानाच नवी येतात, तीही आधी गुलाबी-जांभळी आणि मग हिरवी.

आणि त्याचे मोल फुलात नाही, पाचोळ्यात आहे. बांजाखाली हात घातला तर कोपरापर्यंत काळी, भुसभुशीत, ओलसर माती लागते. पावसाचे पाणी त्या मातीत मुरते आणि सावकाश झऱ्याला मिळते. चीडच्या राळभरल्या सुया लवकर कुजत नाहीत, उन्हाळ्यात मात्र चटकन पेटतात. मी गेले तेव्हाही दूरच्या डोंगरावर धूर होता आणि त्या धुराने हिमशिखरे झाकली होती. २०२४ च्या जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवताना वनखात्याच्या माणसांचे प्राण गेले, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

ही सारी हकिकत मला नीट समजावली ती शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी. ते पंत घराण्यातले. कुमाऊंतील पंतांचे मूळ महाराष्ट्रात, अशी त्यांच्यात परंपरा आहे; गोविंद वल्लभ पंतांचे घराणेही त्यांतलेच. शतकांपूर्वी कोणी पूर्वज यात्रेला आले आणि राहिले. आता त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. पण मी मराठी म्हणताच त्यांनी मला ‘बेटी’ म्हणून बसायला घोंगडी घातली. बडोद्याला आमच्याही पाच पिढ्या झाल्या, त्यामुळे बाहेर जाऊन रुजणे म्हणजे काय ते आम्हांला परस्परांस समजावून सांगावे लागले नाही.

त्यांनी सांगितले की, इंग्रजी अमदानीत सरकारने जंगले आपल्या ताब्यात घेतली आणि राळेसाठी, इमारती लाकडासाठी चीड जपला. बांज गावाच्या उपयोगाचा: त्याचा पाला गुरांना, वाळल्या फांद्या चुलीला, चिवट लाकूड नांगराला. सरकारला त्यात पैसा दिसेना. १९२१ साली लोक चिडले आणि सरकारी जंगलांना आगी लागल्या. पण जळाली ती चीडची जंगले, रुंद पानांची राने लोकांनी राखली. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले आणि गावांना आपापले रान सांभाळण्याचा अधिकार काही अंशी मिळाला. “बांज लावला म्हणजे उद्या नौला भरेल असे नाही,” ते म्हणाले. “पाऊसही आता पूर्वीसारखा पडत नाही, वर रस्ता झाला आहे, हॉटेले झाली आहेत. पण बांज नसेल तर जो पाऊस पडतो तोही वाहून जाईल.”

ते ऐकून मला आमची कमाटीबाग आठवली. १८७९ साली ती झाली. तिच्या गर्द सावलीत आम्ही लहानपणी खेळलो, आणि ती झाडे कोणी लावली हे आम्हांला कधी विचारावेसेही वाटले नाही. ज्या गावाचे नावच वडावरून पडले, त्या गावच्या मुलीने भाऊजींच्या बाजूने कौल द्यावा हे उघड होते. मी त्या रात्री ताईला तसे म्हणालेही.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुला त्या झाडाचे नाव ठाऊक आहे ना?”

मला एकदम सारे उमगले. ताईला मूल झाले नाही. ती थोरल्या एकत्र कुटुंबात दिलेली. तिथे डोहाळजेवणाला तिला मागच्या रांगेत बसवीत, ओटी भरायला पुढे करीत नसत, आणि तो एक शब्द तिच्या पाठीमागे, कधी समोरही, उच्चारला जाई. हे तिने आईलादेखील सांगितले नव्हते. मी तिची सख्खी बहीण. मलाही त्या रात्रीच कळले.

“येणारा-जाणारा विचारणार, हे झाड कुठले,” ती म्हणाली, “आणि मी माझ्या दारात उभी राहून ते नाव सांगायचे! ह्यांच्या हे ध्यानातच येणार नाही. आणि दुसरे असे, की लावायचे ते पुढच्यांसाठी म्हणतात. आमच्या पुढे कोण आहे?”

मला उत्तर सुचले नाही. मी तिचा हात धरून बसून राहिले. बाहेरून कुंजाचा मंद वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नौल्यावर गेलो. गावातल्या चार-पाच सुना घागरी घेऊन पाळीने उभ्या होत्या. वीतभर पाणी, एक वाटी बुडेल एवढेच. एकीची घागर भरेपर्यंत दुसरीने खाली बसून वाट पाहायची. ताईला पाहताच त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आमा, आधी तुम्ही घ्या.” तिकडे आजीला आमा म्हणतात. पंत आजोबाही तिथेच होते. ताईने त्यांना सरळच विचारले, “ह्या झाडाला असले नाव कोणी दिले हो?”

म्हाताऱ्याला आधी प्रश्न कळेना. कळल्यावर तो मोकळेपणाने हसला. ते दोन शब्द त्यांच्या कानाला निराळे. एकात ‘ज’, दुसऱ्यात ‘झ’. कोणाच्या मनातही ते एकत्र येत नाहीत. मग उघड्या उताराकडे हात करून तो म्हणाला, “वांझ कोणाला म्हणायचे ते ह्या डोंगराला म्हणा. ह्याच्यावर बांज राहिला नाही.”

ताई काही बोलली नाही. तिने आपली कळशी भरून घेतली नाही, शेजारच्या पोरसवदा सुनेला पुढे केले आणि स्वतः पायरीवर बसून राहिली.

परतीच्या आदल्या दिवशी मी भाऊजींना एक गोष्ट विचारली, जी आठ दिवस डोक्यात घोळत होती. वाटेवर कुंजा बांजावर चढलेला आहे, मग दोन्ही एकाच जागी का नकोत? ते म्हणाले, “म्हाताऱ्या बांजाला वेलाचे ओझे झेपते. रोपट्यावर चढला तर दोन पावसाळ्यांत त्याला झाकून मारील. आधी झाड, मग वेल. मध्ये वीस-पंचवीस वर्षे.” शाकुंतलात वनज्योत्स्ना आम्रवृक्षाला वरते, तोही वृक्ष चांगला वाढलेला असला पाहिजे, हे माझ्या तेव्हा प्रथम लक्षात आले.

मग आमची दोघांचीही नजर एकाच वेळी स्वयंपाकघरामागच्या नासपतीकडे गेली. घर घेतले तेव्हापासूनचे ते झाड. अलीकडे सात-आठ वर्षे त्याला फळ धरत नव्हते. गाडी उभी करायला जागा हवी म्हणून भाऊजी ते तोडायच्या विचारात होते. खोड मात्र अजून भक्कम होते. भाऊजींनी डोके खाजवले आणि म्हणाले, “गाडी काय, रस्त्यावरही राहील.”

मी बडोद्याला परतले. जुलैच्या मध्यात तिकडे हरेला असतो. नऊ-दहा दिवस आधी टोपलीत धान्य पेरतात, त्याचे कोवळे पिवळसर अंकुर त्या दिवशी डोक्यावर ठेवून आशीर्वाद देतात, आणि त्या मुहूर्तावर झाडे लावतात. आपल्या नवरात्रातल्या घटासारखेच. हरेल्यानंतर ताईचे पत्र आले. अक्षर मोठे आणि ओळी थोड्या वाकड्या झालेल्या. “वनपंचायतीच्या रोपवाटिकेतून पाच बांज आणले,” तिने लिहिले होते. “तीन ह्यांनी लावले, दोन मी. साळिंदर मुळे उकरते म्हणून भोवती काटेरी झुडपे रोवली. नौल्यावरच्या सुनांची मुले डोक्याला हरेला लावून घ्यायला आली होती. सगळ्यांत लहान पोराने विचारले, आमा, हे काय लावलेत? मी त्याला नाव सांगितले.”

कुंजाचे दाब कलम नासपतीच्या बुंध्यापासून दोन हात दूर, त्या झाडाच्या मुळांना चुकवून लावले आहे. बांजाखालच्या काळ्या मातीच्या चार टोपल्या खड्ड्यात घातल्या. त्या मातीसारखे खत गुलाबाला दुसरे नाही, हे ताईला ठाऊक होते; तिने ह्या वेळी ते भाऊजींसमोर कबूल केले, एवढेच.

परवा पुन्हा पत्र आले. पाचांपैकी दोन रोपे हिवाळ्यात गेली, त्यांतले एक ताईचे. उरलेली तीन अजून वीतभरच आहेत. वेल मात्र नासपतीच्या पहिल्या फाट्यापर्यंत पोचला आहे. फुले यायला आणखी एक वर्ष लागेल असे भाऊजी म्हणतात. नौल्यात पाणी तेवढेच आहे. ताईने शेवटी लिहिले आहे, “पुढच्या मे महिन्यात ये. येताना आपल्याकडची जाड सुतळी आण. इथली वेल बांधायला टिकत नाही.”

सुतळीचे दोन गुंडे मी कालच आणून ठेवले आहेत.